गेममधल्या एआयसाठी वेगळं मास्टर्स करावं का?

सोंगटी

नमस्कार. कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे मास्टर्स करायचं नक्की आहे, पण कशात, तिथे घोडं अडलंय.

गेले पाच महिने एक छोटा गेम लिहितेय. वरून दिसणारा नकाशा, रात्रीची वेळ, जुन्या ग्रंथालयातून एक वही पळवायची आणि सहा पहारेकऱ्यांना चुकवायचं. पहारेकऱ्यांना रस्ता शोधायला ए-स्टार हा अल्गोरिदम वापरलाय. रस्ता अगदी बरोबर शोधतात, मी कागदावर मांडून तपासलंय. पण खेळाडू दिसला रे दिसला, की सहाही जण एकाच दारातून एकामागोमाग येतात, मुंग्यांच्या रांगेसारखे. दुसऱ्या दारातून कुणीही सहज निसटतो. कोडमध्ये चूक नाही, तरी बघणाऱ्याला ते मठ्ठ वाटतात. हे असं का, याचाच विचार सध्या दिवसभर डोक्यात असतो, आणि त्यातूनच हा विषय नीट शिकावासा वाटायला लागलाय.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे एआय आणि मशीन लर्निंगचं नेहमीचं मास्टर्स. दुसरी, गेम एआय हाच मुख्य विषय असलेला अभ्यासक्रम. आमचे सर म्हणतात, पहिलं घे, गेमचं काय, ते मागाहून जमेल. मला तेवढं सोपं वाटत नाही. जे शिकलेत त्यांनी सांगावं: तिथे नेमकं करून काय घेतात? गणित किती लागतं? आणि आता सगळं न्यूरल नेटवर्कच करणार असेल, तर स्टेट मशीन आणि बिहेवियर ट्री (पात्रानं कधी काय करायचं ते हातानं नियमांत मांडायच्या पद्धती) शिकण्यात वर्षं घालवावीत का?

(वयाने लहान आहे, सरळ ‘अगं’ म्हणा.)

रात्रपाळी

सोंगटी, तुझी मुंग्यांची रांग वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी गेम एआयमध्येच मास्टर्स केलंय, आणि त्यानंतर अकरा वर्षं शत्रूपात्रांची डोकी लिहितेय. पाच महिने एकाच पहारेकऱ्यांच्या मागे लागलेली मुलगी भेटली याचा फार आनंद झाला.

आधी रांगेचं बघू. ए-स्टार एवढंच सांगतो की या एकट्याला इथून तिथे जायला सर्वांत स्वस्त वाट कुठली. तू सहा जणांना तोच प्रश्न विचारलास, म्हणून सहा वेळा तेच उत्तर आलं. आता असं कर. पहिल्याची वाट ठरली की त्या वाटेवरच्या चौकटी बाकीच्यांसाठी महाग कर. साध्या चौकटीची किंमत १ असेल तर घेतलेल्या चौकटीची ४ ठेव, आणि दाराची त्याहून जास्त. दुसरा पहारेकरी आपोआप दुसऱ्या दाराकडे वळेल. किंमत फक्त वाढवत असल्यामुळे तुझा उरलेल्या वाटेचा अंदाज खऱ्या किमतीपेक्षा जास्त होणार नाही, म्हणजे सर्वांत स्वस्त वाटच सापडेल ही ए-स्टारची हमी शाबूत राहते. ‘घेराव घाला’ असं कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नसताना घेराव पडलेला दिसेल.

आता तुझा मोठा प्रश्न. करून काय घेतात?

आमच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी कोड लिहूच दिला नाही. १९८० चा पॅक-मॅन समोर ठेवला आणि सांगितलं, तासभर खेळा, आणि चार भुतांपैकी प्रत्येकाला काय हवंय ते कागदावर लिहा. आम्ही लिहिलं: लाल पाठलाग करतो, गुलाबी दबा धरून बसतो, निळ्याचा भरवसा नाही, नारिंगी भित्रा. मग बाईंनी नियम दाखवले. लाल भूत, ब्लिंकी, खेळाडूच्या चौकटीवर नेम धरतं. पिंकी खेळाडूच्या तोंडासमोर चार चौकटी पुढे नेम धरतं. इंकी खेळाडूच्या दोन चौकटी पुढचा बिंदू घेतं, ब्लिंकीपासून तिथवर रेघ ओढतं आणि ती रेघ दुप्पट लांबवून तिच्या टोकाकडे जातं. क्लाइड आठ चौकटींहून लांब असेल तर पाठलाग करतं, जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. बस, इतकंच. रस्ता शोधणं तर त्यात नाहीच. वळणावर आलं की ज्या चौकटीतून नेम सरळ रेषेत सर्वांत जवळ, तिकडे वळायचं, आणि मागे फिरायचं नाही.

शिवाय त्यात एक चूक आहे. खेळाडूचं तोंड वर असताना बेरजेतल्या गडबडीमुळे पिंकीचा नेम चार चौकटी वर आणि चार चौकटी डावीकडेही सरकतो. लाखो लोक त्या चुकीसकट खेळले आणि त्यांना तो पिंकीचा स्वभावच वाटला.

त्या तासाभरात मला जे कळलं त्यावर मी आजही काम करते. स्वभाव कोडमध्ये थोडा असतो आणि खेळणाऱ्याच्या मनात जास्त तयार होतो. म्हणून पात्राला किती कळतं याइतकंच खेळणाऱ्याला त्याच्याकडे बघून काय कळतं, हेही महत्त्वाचं असतं. हे नेहमीच्या एआयच्या वर्गात कुणी शिकवत नाही, कारण तिथे गरजच पडत नाही. तिथे मोजायचं असतं ते अचूकपणा आणि विजय.

माझा प्रबंधही पहारेकऱ्यावरच होता, म्हणून तुला तो जरा सविस्तर सांगते. खेळाडू नजरेआड झाला की तो कुठे असू शकेल याची शक्यता नकाशावरच्या चौकटींवर पसरवायची, दर क्षणी ती शेजारच्या चौकटींत थोडी झिरपू द्यायची, पहारेकऱ्याला जे दिसतंय तिथली शून्यावर आणायची, आणि जिथे सर्वांत जास्त उरली तिकडे त्याला पाठवायचं. ही पद्धत चांगली आहे. मी तिच्यावर तीन महिने घालवले, आणि माझा पहारेकरी लपलेल्या माणसाला झटकन शोधून काढू लागला. मग बारा जणांना खेळायला बसवलं. जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच: “हा चीटिंग करतोय, याला माझी जागा आधीच माहीत आहे.”

त्याला माहीत नव्हती. तो प्रामाणिकपणे विचार करून येत होता. पण त्याचा विचार कुणाला दिसत नव्हता.

मी शोधाच्या गणिताला हात लावला नाही. एवढंच केलं की वळण्याआधी तो पाऊणएक सेकंद थांबतो, मान वळवतो, “कोण आहे तिकडे?” म्हणतो, आणि कधी कधी आधी चुकीच्या कपाटामागे वाकून बघतो. म्हणजे खरं तर त्याला थोडा कच्चा केला. पुन्हा लोकांना बसवलं, तर म्हणाले, आता तो हुशार झालाय. त्या दिवशी मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून वहीत सगळं उतरवून काढलं, हातून निसटू नये म्हणून.

२००५ च्या फिअर या गेमचे सैनिक अजून नावाजले जातात त्यामागेही हेच आहे. जेफ ऑर्किन यांनी त्यांच्यासाठी नियोजक लिहिला: ध्येय द्यायचं, कृतींची यादी द्यायची, क्रम पात्रानं स्वतः जुळवायचा. त्याखालच्या स्टेट मशीनमध्ये तीनच अवस्था होत्या. सैनिक बगलेतून येऊन घेरतात असं खेळताना वाटतं, पण बरेचदा ते फक्त पुढची सुरक्षित आडोशाची जागा गाठत असतात. त्यातच ते एकमेकांशी बोलतात. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि आपल्याला ती एक तुकडी वाटायला लागते.

२०१४ च्या एलियन: आयसोलेशन या गेममध्ये तर शिकार करणाऱ्या परग्रही प्राण्याचं डोकं दोन ठिकाणी विभागलंय. वरच्या पातळीवरच्या दिग्दर्शकाला खेळाडू कुठे आहे ते कायम ठाऊक असतं. प्राण्याला नसतं. दिग्दर्शक त्याला साधारण दिशा सुचवतो आणि ताण फार वाढला की त्याला मागे खेचतो. जवळ आल्यावर शोधायचं काम मात्र प्राण्यानं आपल्या डोळ्याकानांनीच करायचं. असं तोडून-जोडून बघायला शिकवणारा अभ्यासक्रम मिळत असेल तर तो घे.

सर म्हणतात ते ‘मागाहून जमेल’ हे अर्धंच खरं आहे. तंत्र मागाहून जमतं. पण लोकांना खेळायला बसवून तोंड बंद ठेवून बघत राहायची सवय कुणीतरी लावावी लागते.

खडूफळा

मी विद्यापीठात हाच विषय शिकवतो. रात्रपाळी यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, फक्त दोन वाटांमध्ये एवढी भिंत घालू नये असं वाटतं.

तू वापरतेस तो ए-स्टार गेमसाठी जन्मलेला नाही. १९६८ साली पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी तो मांडला, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, शेकी नावाच्या चाकांवरच्या यंत्रमानवाचं काम चालू असताना. १९७१ साली त्याच संस्थेत रिचर्ड फाइक्स आणि निल्सन यांनी स्ट्रिप्स हा नियोजक तयार केला. वर फिअरच्या सैनिकांचा उल्लेख आलाय, त्यांच्या नियोजकाचं मूळ या स्ट्रिप्समध्ये आहे. खोक्या-ठोकळ्यांच्या खोलीत अडखळत फिरणाऱ्या यंत्रमानवाची बुद्धी चौतीस वर्षांनी गेममध्ये आली. ज्यानं ती आणली त्याला जुनं एआय पक्कं माहीत होतं, म्हणूनच ती आली. तेव्हा मूळ विषय कच्चा ठेवून फक्त गेम-गेम करणारा अभ्यासक्रम मी तुला सुचवणार नाही.

गणिताचं विचारलंस. ग्राफ आणि शोध तुझे झालेत असं दिसतंय. व्हेक्टर हाताच्या बोटांवर हवेत: पहारेकऱ्याला खेळाडू दिसतो की नाही, हा शेवटी एका डॉट प्रॉडक्टचा (दोन दिशा किती जुळतात ते सांगणाऱ्या गुणाकाराचा) प्रश्न असतो. संभाव्यता मात्र मन लावून कर. माझे विद्यार्थी अडतात ते तिथेच. मॉन्टे कार्लो ट्री सर्च, म्हणजे पुढचे डाव पुन्हा पुन्हा खेळून बघत चांगली खेळी निवडणारा शोध, २००६ मध्ये पुढे आला, गो हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या प्रोग्रामांचं रूप त्यानं पालटलं आणि दहा वर्षांनी गोचा नामवंत खेळाडू ली सेडोल याला हरवणाऱ्या अल्फागो या प्रोग्राममध्येही तोच होता. तो समजायला अवघड नाही, पण ‘आतापर्यंत चांगली ठरलेली खेळी पुन्हा खेळू की न बघितलेली करून बघू’ हा तोल संभाव्यतेशिवाय कळत नाही.

न्यूरल नेटवर्कचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही. २०१५ मध्ये डीपमाइंडच्या एकाच पद्धतीनं फक्त पडद्यावरचे पिक्सेल आणि गुण बघून अटारीचे ४९ गेम शिकून दाखवले. मला आजही त्याचं आश्चर्य वाटतं. त्याच्या पुढच्याच वर्षी ओपनएआयनं बोटींच्या शर्यतीचा एक प्रयोग मांडला, तो मी दरवर्षी वर्गात दाखवतो. बक्षीस गुणांवर होतं, शर्यत संपवण्यावर नव्हतं. बोटीला एक खाडी सापडली जिथे गुण देणाऱ्या वस्तू पुन्हा पुन्हा उगवत होत्या. ती तिथेच गोल गोल फिरत राहिली, धडकली, पेटली, शर्यत कधी पुरी केली नाही, आणि गुण मात्र माणसांपेक्षा जास्त मिळवले. काय हवंय ते आकड्यात नीट न सांगता आल्याचा हा परिणाम. आणि गेममध्ये आपल्याला हवं असतं ते ‘मजा’, ‘धाकधूक’, ‘थोडक्यात वाचलो’. त्यांचं बक्षीस-सूत्र कसं लिहिणार?

दुसरी अडचण रोजच्या कामातली. डिझायनर येऊन म्हणतो, तिसऱ्या लेव्हलचा पहारेकरी जरा कमी संशयी कर. बिहेवियर ट्रीमध्ये हा एका आकड्याचा बदल आहे. शिकवून तयार केलेल्या नेटवर्कमध्ये तो आकडा कुठे आहे हे कुणालाच दाखवता येत नाही. २००४ च्या हेलो २ या गेमनंतर बिहेवियर ट्री एवढ्या पसरल्या त्यामागे हे मोठं कारण आहे: उघडून वाचता येतात.

अभ्यासक्रम निवडताना विषयांची नावं बघत बसू नकोस. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी शेवटी काय सादर केलं ते मागून घे आणि शक्य असेल तर खेळून बघ. चित्रकार आणि ध्वनीवाले एकाच गटात असतात का, तेही विचार. रात्रपाळींच्या पहारेकऱ्याला ‘कोण आहे तिकडे’ म्हणायला कुणीतरी आवाज दिलाच असेल ना.

आडवाट

दुसरी बाजू सांगतो. मी साधं कम्प्युटर सायन्स केलं, गेम एआयचा एकही पेपर नव्हता. गोडो या गेम इंजिनमध्ये स्वतः छोटे गेम करत शिकलो आणि आज त्याच क्षेत्रात काम करतो. तेव्हा पदवीशिवाय दार उघडत नाही असं मुळीच नाही. तुमच्या सहा पहारेकऱ्यांचा खेळता येणारा गेम ही कागदापेक्षा मोठी ओळख आहे, तो पूर्ण करा.

खडूफळा सरांच्या एका मुद्द्यात भर घालतो. शिकवलेले बॉट शत्रू म्हणून क्वचित दिसतात हे खरं, पण पडद्यामागे त्यांचं काम आहे, आणि माझं रोजचं काम तेच. बॉटला नवी लेव्हल खेळायला सोडायची, रात्रभर हजारो वेळा. ती बोटीची खोड तिथे गुण ठरते: भिंतीतली फट, जिथून बाहेर पडता येतं, दोनदा उचलता येणारी किल्ली, जिथे अडकलं की सुटताच येत नाही असा कोपरा. सकाळी यादी तयार. माणसाला ते शोधायला आठवडे लागतात.

एक खंत आहे, ती लिहितो. एकट्यानं शिकताना माझ्या पात्रांना नीट बघणारं दुसरं कुणी नव्हतं. चार वर्षं मी माझेच गेम मीच खेळत होतो. पात्र काय करणार हे मला आधीच ठाऊक असायचं, त्यामुळे ते बाहेरच्याला कसं दिसतं हे कधी कळलंच नाही. पहिल्या नोकरीत पहिल्यांदा अनोळखी माणसाला खेळताना बघितलं, तेव्हा समजलं की माझा शत्रू त्याला दिसलाच नव्हता. तो कड्यावर उभा राहून नेम धरायचा आणि लोक वर बघतच नाहीत. वर्गात बसलो असतो तर हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं असतं. त्या एवढ्या गोष्टीसाठी तरी तो अभ्यासक्रम मोलाचा आहे.

सोंगटी

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री चौकटी महाग करून बघितल्या. ४ ठेवल्यावर दोघे वळले, दाराची किंमत १२ केल्यावर सहा जण तीन दारांत वाटले गेले. मी कितीतरी वेळ फक्त बघत राहिले. मग भावाला बसवलं, काही न सांगता. तो पाय वर घेऊन ओरडला, “अगं, हे बोलून ठरवून येताहेत!” ते एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत.

पण एक नवीन अडचण आलीये. आता वाटा एकामागून एक काढाव्या लागतात, कारण दुसऱ्याला पहिल्याची वाट माहीत हवी. खेळाडू दिसला त्या क्षणी गेमला स्पष्ट झटका बसतो. मोजलं तर त्या एका फ्रेमला ४१ मिलिसेकंद लागतात.

रात्रपाळी

भावाचं वाक्य लिहून ठेव, तारखेसकट. असं पहिलं वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

झटक्याचं: सेकंदाला ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात चित्र काढणं, टक्कर तपासणं, आवाज, सगळं आलं. आमच्याकडे एआयच्या वाट्याला त्यातले दोन आले तरी आम्ही खूश असतो. तेव्हा सहा वाटा एका फ्रेममध्ये काढूच नकोस. एक रांग कर आणि दर फ्रेमला एकाचीच वाट काढ. सहावा पहारेकरी पाच फ्रेम उशिरा निघेल, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. उलट बरंच दिसेल: सहा माणसं एकाच क्षणी दचकून वळत नाहीत. एकच वाट सात मिलिसेकंदांच्या आसपास खात असेल तर तीही जास्तच आहे. ओपन लिस्ट (अजून तपासायच्या चौकटी) साध्या यादीत ठेवून दर वेळी पूर्ण चाळतेस का ते बघ. तसं असेल तर बायनरी हीप घाल, सर्वांत स्वस्त चौकट चटकन हाती देणारी रचना.

आणि वाट मिळेपर्यंतच्या त्या काही फ्रेम मोकळ्या सोडू नकोस. जो सर्वांत शेवटी निघणार आहे त्याची मान आधी वळू दे, खेळाडूच्या दिशेनं. पाय मागून हलतील.